थिओडोर बिलहार्झ

नाईल नदीच्या काठी शेती करणाऱ्या लोकांत मूत्रावाटे रक्त जाण्याचा विकार प्राचीन काळापासून होता. कालव्याच्या पाण्यात उभे राहून शेते भिजविणाऱ्या घरांत तो इतका नित्याचा झाला होता, की त्याचे कोणास नवलही वाटत नसे. ज्या तरुण वैद्याने त्याचे मूळ शोधले, तो थिओडोर बिलहार्झ.

त्याचा जन्म २३ मार्च १८२५ रोजी जर्मनीतील सिगमारिंगेन या गावी झाला. वैद्यकाचे शिक्षण पुरे करून १८५० मध्ये तो आपले गुरू ग्रीझिंगर यांच्यासमवेत इजिप्तला गेला व कैरो येथील कस्र-अल-ऐनी रुग्णालयात काम करू लागला. तेथे मृत रुग्णांचे शवविच्छेदन करावे लागे. त्या उष्ण हवेत हे काम किती क्लेशदायक असेल, याची कल्पनाच केलेली बरी! १८५१ मध्ये, आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत त्याला पांढरे, जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचे कृमी दिसले. बारकाईने पाहता नराच्या अंगाला एक पन्हळ असून तीत सडपातळ मादी वास करते, असे आढळले. पुढे मूत्राशयाच्या भित्तीत याच कृमीची काटेरी अंडी सापडली आणि रक्त जाण्याचे कारण उघड झाले. त्याच सुमारास एका मृत मुलाच्या आतड्यात त्याला एक बुटका पट्टकृमीही मिळाला. हा कृमी उंदरांच्या पोटातही राहतो.

१८५६ मध्ये बिलहार्झ शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक झाला. परंतु शिरेतील कृमी माणसाच्या देहात शिरतो कसा, हे कोडे त्याला उलगडले नाही. १८६२ मध्ये तांबड्या समुद्राकाठच्या मसावा बंदराकडे गेलेल्या एका मोहिमेत त्याला ज्वराने गाठले, आणि ९ मे रोजी, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, कैरो येथे त्याचा अंत झाला. पुढे त्या रोगास त्याचेच नाव मिळाले.

त्याचे अपुरे राहिलेले काम १९१५ मध्ये रॉबर्ट लायपर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तडीस नेले. कैरोजवळच्या पाण्यातील गोगलगायी त्याने गोळा केल्या. त्यांच्या शरीरातून बाहेर पडणारी कृमींची सूक्ष्म पिल्ले त्याने पांढऱ्या उंदरांना आणि वाळवंटातील रानउंदरांना लागू दिली. काही आठवड्यांनी त्या मुक्या प्राण्यांच्या शिरांत तेच कृमी वाढलेले आढळले. पाण्यात उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या त्वचेतूनच ही पिल्ले आत शिरत होती.

हा रोग नाईलकाठापुरताच राहिला नव्हता. १९५२ मध्ये आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या खेड्यातही त्याचे रुग्ण आढळल्याची नोंद झाली.