शोमरोनी स्त्रीचा धडा आणि पंडिता रमाबाई

शास्त्र वाचणे आणि शास्त्राप्रमाणे चालणे यांत केवढे अंतर पडते, हे आम्हां पाळकांस व उपदेशकांस रोज दिसते. मंडळीत दिसते, तसेच स्वतःमध्येही दिसते. एका अध्यायावर सारे आयुष्य उभे करणारी एक भगिनी आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली. तिचे चरित्र आज वाचकांपुढे थोडक्यात ठेवतो.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकवले होते, आणि आई लक्ष्मीबाईंनी तीच विद्या मुलीस दिली. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले. दुष्काळाने त्यांना गाठले आणि आईबाप व थोरली बहीण उपासमारीत गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या तरुण स्त्रीस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु १८८० साली भाऊ वारला, आणि १८८२ साली पती बिपिन बिहारी मेधावी हेही गेले. कडेवर मनोरमा नावाची लहान मुलगी तेवढी राहिली.

१८८३ साली त्या इंग्लंडात वाँटेज येथील धर्मभगिनींकडे गेल्या. त्या भगिनींचे एक काम लंडनजवळ फुलहॅम येथे चालत असे. ज्यांना समाजाने पतित म्हणून टाकले अशा स्त्रियांस तेथे मायेने सांभाळले जाई. रमाबाईंना मोठे आश्चर्य वाटले. ही करुणा कोठून येते असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची हकीकत वाचून दाखवली. पाप्याला न झिडकारणारा तारणारा रमाबाईंना तेथे दिसला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथेच त्या थांबल्या असत्या तर त्यांचे नाव आज कोण काढता? १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. काही मुली ख्रिस्ताकडे वळू लागताच १८९३ साली मोठा गहजब झाला. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या, आश्रयदाते दुरावले. बाई डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या, आणि उपाशी, निराधार मुलींस घेऊन आल्या. उपास म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगावे लागले नव्हते. केडगावच्या माळावर विहिरी खोदल्या गेल्या, मुक्तिसदन उभे राहिले. पतित ठरलेल्या स्त्रियांसाठी तेथेच कृपासदन झाले. अंध भगिनींसाठी वेगळी सोय झाली. फुलहॅमला ऐकलेला अध्याय असा केडगावी विटामातीत उतरला.

खेड्यातल्या अडाणी बाईलाही पवित्र शास्त्र समजावे म्हणून त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याचे छापकाम मुक्तीतल्या स्त्रियाच करीत. १९२१ साली मनोरमा वारली. तरी बाईंनी हातातले काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

प्रिय बंधुभगिनींनो, विहिरीची गोष्ट आम्हांस परकी नाही. आमच्यापैकी कित्येकांचे वाडवडील गावच्या विहिरीपासून दूर उभे राहून कोणी वरून पाणी वाढील याची वाट पाहत असत. त्यांस प्रभूने जवळ घेतले. मग टाकलेली बायको, पाय घसरलेली मुलगी, दारुड्याची विधवा मंदिरात आली की आम्ही कुजबुजतो का? तिला मागच्या कोपऱ्यात बसवतो का? तसे असेल तर विहीर आमची झाली आणि दूर उभे राहण्याची पाळी तिची आली, एवढाच फरक पडला.

आज रात्री दिवा लावल्यावर घरच्या सर्वांस जवळ बसवून तो अध्याय वाचावा. मग आपल्या गावात आपण कोणाला दूर ठेवले आहे ते आठवावे, आणि सकाळी तिच्या दारी जावे.