धुराची फिर्याद राजदरबारी नेणारा जॉन ईव्हलिन

सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये धुरापासून राजवाड्याचीही सुटका नव्हती. व्हाइटहॉल राजवाड्याजवळच्या एकदोन धुराड्यांतून निघालेला धूर एके दिवशी वाऱ्याबरोबर थेट दालनांत शिरला आणि इतका दाटला, की तेथे जमलेल्या माणसांना एकमेकांचे चेहरेही धड ओळखू येईनात. त्या गर्दीत चाळिशीचा एक सुविद्य गृहस्थ होता. इतरांनी खोकून, डोळे पुसून प्रसंग निभावला असेल. या गृहस्थाने मात्र घरी जाऊन धुराविरुद्ध एक पुस्तिका लिहिली आणि ती राजालाच अर्पण केली. वर्ष होते १६६१. पुस्तिकेचे नाव ‘फ्युमिफ्युजियम’ आणि लेखक जॉन ईव्हलिन.

राजा होता दुसरा चार्ल्स. त्याच वर्षी झालेल्या विवाहकरारात पोर्तुगालकडून मुंबईची बेटे ज्याला आंदण मिळाली, तोच हा राजा. ईव्हलिनला आज जग ओळखते ते मुख्यतः त्याच्या रोजनिशीमुळे. इंग्लंडच्या यादवीपासून पुढच्या सहा दशकांची ही बारकाईची नोंद त्याच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने, १८१८ साली प्रथम छापली गेली. परंतु शहराची हवा आणि शहरातल्या माणसांचे आयुष्य यांचा संबंध राज्यकर्त्यांपुढे मांडणारा माणूस म्हणून त्याचे मोल रोजनिशीकाराहून तसूभरही कमी नाही.

ईव्हलिनचा जन्म ३१ ऑक्टोबर १६२० रोजी सरे परगण्यातील वॉटन येथे, रानांनी वेढलेल्या वडिलोपार्जित वाड्यात झाला. घराण्याची श्रीमंती आली होती ती तोफांच्या दारूतून. आजोबांच्या काळात हे कुटुंब बंदुकीची दारू तयार करण्याच्या धंद्यात नावारूपाला आले. कोळसा, गंधक आणि सोरा यांवर उभ्या राहिलेल्या घरातला मुलगा पुढे कोळसा आणि गंधकाच्याच धुरावर तुटून पडावा, हा नियतीचा खेळच म्हणायचा. झाडांची ओढ मात्र त्याला वॉटननेच लावली आणि ती अखेरपर्यंत टिकली.

ऑक्सफर्डमधील बेलियल कॉलेजात त्याचे शिक्षण झाले. १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले. ईव्हलिन राजनिष्ठ होता, पण रणांगण हा त्याचा पिंड नव्हता. पुढच्याच वर्षी तो फ्रान्स आणि इटलीच्या प्रवासाला निघाला. पादुआच्या विख्यात विद्यापीठात त्याने शरीररचनेचे धडे घेतले आणि मानवी शरीरातील रक्तवाहिन्या व मज्जातंतू लाकडी फळ्यांवर मांडून तयार केलेले तक्ते विकत घेतले. हे तक्ते त्याने नंतर रॉयल सोसायटीला दिले आणि ते आजही लंडनमध्ये जतन केलेले आहेत. धुराचा विचार करताना त्याने केवळ काळवंडलेल्या भिंती पाहिल्या नाहीत. त्याची नजर थेट फुप्फुसांपर्यंत गेली. त्याचे बीज या शिक्षणात असावे.

पॅरिसमध्ये १६४७ साली इंग्रज राजदूत सर रिचर्ड ब्राऊन यांची कन्या मेरी हिच्याशी त्याचा विवाह झाला. १६५२ मध्ये तो मायदेशी परतला आणि लंडनजवळ डेप्टफर्ड येथील सेज कोर्ट या घरात स्थायिक झाला. तेथे त्याने उभारलेली बाग पाहायला दूरदुरून लोक येत. संसारात मात्र दुःखांची रांग लागली. १६५८ साली त्याचा अवघ्या पाच वर्षांचा, असामान्य बुद्धीचा मुलगा रिचर्ड दगावला. पुढे १६८५ मध्ये दोन तरुण मुली एकाच वर्षात गेल्या. आठ अपत्यांपैकी केवळ एक मुलगी त्याच्या पश्चात राहिली. माणसाचा जीव किती सहज जातो, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

ज्या लंडनविषयी त्याने लिहिले, ते शहर समुद्री कोळशावर जगत होते. न्यूकॅसलच्या खाणींतला दगडी कोळसा जहाजांनी समुद्रमार्गे येई, म्हणून त्याला हे नाव पडले. या कोळशात गंधक भरपूर, त्यामुळे धूर तिखट आणि काजळी चिकट. तेराव्या शतकापासून त्याबद्दल तक्रारी होत होत्या; पहिल्या एडवर्ड राजाने चौदाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या वापरावर बंदीही घातली होती. पण जंगले तुटत गेली, लाकूड महागले आणि बंदी कागदावर राहिली. बिअर बनवणारे, रंगारी, चुन्याच्या भट्ट्या चालवणारे, मीठ आणि साबण तयार करणारे हे सारे भर वस्तीत कोळसा जाळत.

‘फ्युमिफ्युजियम’चे तीन भाग आहेत. पहिल्यात धुराचे दुष्परिणाम, दुसऱ्यात उपाय आणि तिसऱ्यात बागांची योजना. धुराने चर्चच्या भिंती, गालिचे, सोन्याचा मुलामा, वाळत घातलेले कपडे कसे नासतात, याची यादी तो देतो. पण खरा रोख आहे तो आरोग्यावर. लंडनमधले लोक सदा खोकत असतात आणि येथे मरणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे छातीच्या विकारांनी मरतात, असा त्याचा दावा होता. हा आकडा आजच्या कसोट्यांवर तपासता येण्याजोगा नाही. तरीही त्याची दिशा अचूक होती. प्राणवायूचा शोध लागायला अजून शतकभर अवकाश होता, जंतूंमुळे रोग होतात हे ठाऊक नव्हते, हवा मोजण्याचे कोणतेही यंत्र नव्हते. अशा काळात त्याने हवा आणि मृत्यू यांची सांगड घातली.

त्याने दिलेला एक दाखला तर आजच्या संशोधकालाही आवडेल असा आहे. यादवीच्या काळात न्यूकॅसलला वेढा पडला आणि लंडनचा कोळसा जवळजवळ थांबला. त्या वर्षी शहराच्या मध्यभागातल्या आणि नदीकाठच्या बागांना एरवी कधी येत नाहीत इतकी फळे लगडली. कारण काढून घेतले आणि परिणामही नाहीसा झाला. कोणीही न योजलेला हा प्रयोग होता आणि ईव्हलिनने त्याचा अर्थ बरोबर लावला.

उपायही त्याने नेमका सुचवला. कोळसा जाळणारे सारे उद्योग शहराबाहेर, थेम्सच्या प्रवाहाच्या दिशेने ग्रीनिचच्या पलीकडे काही मैल न्यावेत. माल नदीतून होड्यांनी शहरात आणावा. शहराभोवतीच्या मोकळ्या जागांत जाई, गुलाब, लॅव्हेंडर, रोझमेरी अशा सुगंधी झुडपांच्या बागा लावाव्यात.

राजाला हे सारे पसंत पडले. १ ऑक्टोबर १६६१ रोजी थेम्सवर राजनौकांची शर्यत झाली. त्या वेळी ईव्हलिन राजाच्याच नौकेत होता आणि चार्ल्सने आपणहून धुराचा विषय काढला. पार्लमेंटपुढे मांडण्यासाठी विधेयक तयार करण्याची आज्ञा झाली. पुढच्या जानेवारीत मसुदाही हाती आला. आणि तेथेच सारे थांबले. विधेयक कधी संमत झालेच नाही. उलट त्याच १६६२ साली पार्लमेंटने चुलींवरचा कर मंजूर केला. प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग राजाच्या खजिन्यात जमा होऊ लागले. जळत्या चुलींवर ज्याचे उत्पन्न वाढते, त्या सरकारकडून धूर घटवण्याची अपेक्षा करणे कठीणच होते.

ईव्हलिन खचला नाही. रॉयल सोसायटीच्या संस्थापक सदस्यांत त्याची गणना होते. आरमाराला लाकूड कमी पडू लागले, तेव्हा सोसायटीच्या वतीने त्याने ‘सिल्व्हा’ हा वृक्षलागवडीवरील ग्रंथ लिहिला. १६६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या पुढेही आवृत्त्या निघाल्या. त्याच सुमारास आजारी आणि जखमी खलाशांच्या शुश्रूषेसाठी नेमलेल्या आयोगावर त्याची नियुक्ती झाली. १६६५ च्या प्लेगमध्ये श्रीमंत लंडनकर शहर सोडून पळत असताना तो आपल्या कामावर राहिला.

मग आला सप्टेंबर १६६६. दोन तारखेला पहाटे लागलेली आग चार दिवस धुमसत राहिली. तेरा हजारांहून अधिक घरे आणि सत्त्याऐंशी चर्च जळाली. ईव्हलिनने ही आग नदीच्या पलीकडून पाहिली आणि ती शमल्यावर राखेतून पायी फिरला; जमीन इतकी तापलेली होती की जोड्यांचे तळवे करपले. धुराचा लोट सुमारे पन्नास मैल लांब पसरल्याचा अंदाज त्याने रोजनिशीत नोंदवला आहे. आग विझून आठवडा होतो न होतो तोच त्याने नव्या शहराचा आराखडा राजापुढे ठेवला. धूर ओकणारे धंदे वस्तीपासून दूर ठेवण्याचा आग्रह त्यातही होता. रिकाम्या झालेल्या शहरात ही योजना अमलात आणण्याची संधी पुन्हा येणार नव्हती. पण घरमालकांना आपापल्या जुन्या जागा हव्या होत्या आणि शहर बहुतांशी जुन्याच रस्त्यांवर उभे राहिले. त्यासाठी पैसा कोठून आला? लंडनमध्ये येणाऱ्या कोळशावर बसवलेल्या करातून. सेंट पॉल कॅथेड्रलची नवी भव्य इमारतही त्याच कराच्या आधारे उभी राहिली. ज्या धुराला हद्दपार करायचे, त्याच्याच कमाईवर नवे लंडन बांधले गेले.

१६८४ च्या जानेवारीत थेम्स गोठली, बर्फावर बाजार भरला. थंड, जड हवेमुळे धूर वर चढेना. रस्त्याची पलीकडची बाजू दिसेना आणि श्वास घेणे अवघड झाले, अशी नोंद ईव्हलिनने केली. जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसले की धूर खालीच कोंडला जातो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. हिवाळ्यात उत्तर भारतातली शहरे घुसमटतात त्यामागे हेही एक मोठे कारण असते.

त्याची उतारवयातली वर्षे वॉटनच्या झाडांच्या सावलीत गेली. १७०३ च्या भीषण वादळात त्याने जपलेले असंख्य ओक उन्मळून पडले. २७ फेब्रुवारी १७०६ रोजी पंचाऐंशीव्या वर्षी त्याचे निधन झाले. धुराविषयीच्या त्याच्या योजनेतील एकही कलम तोपर्यंत कायदा झाले नव्हते.

त्याच्या विचारातील उणिवा झाकण्याचे कारण नाही. त्याने सारा दोष उद्योगांवर ठेवला आणि घराघरातल्या चुलींना जवळजवळ मोकळे सोडले. धूर नाहीसा करण्याऐवजी तो दुसरीकडे हलवण्याचा त्याचा उपाय होता. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांनी काय करावे, हा प्रश्न त्याने विचारला नाही. आणि वृक्षप्रेमी असल्यामुळे असेल, पण दगडी कोळशाच्या मानाने लाकडाचा धूर त्याला सौम्य वाटे.

या शेवटच्या समजुतीतून आपणही अद्याप पुरते बाहेर आलेलो नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि सत्तरीच्या डोंगरांत वणवे पेटले, नौदल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना पाणी ओतावे लागले. तेव्हा चर्चा झाली ती जळालेल्या झाडांची आणि वन्यजीवांची, आणि ती व्हायलाच हवी होती. धुराची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. लाकूड आणि पालापाचोळा जळताना जे कण निघतात, त्यांतील बहुतेक अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असतात. केसाची जाडी त्याच्या वीसपट तरी भरते. नाकातले केस किंवा तोंडावर धरलेला ओला रुमाल त्यांना अडवू शकत नाही. ते फुप्फुसांच्या तळाशी पोहोचतात, काही रक्तातही उतरतात. दमेकऱ्याची धाप वाढते, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो; लहान मुले, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांना त्रास अधिक होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम ठरवली. भारताचे मानक ६० आहे.

ईव्हलिनची फिर्याद अखेर ऐकली गेली, पण त्यासाठी लंडनला फार मोठी किंमत मोजावी लागली. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत शहरावर धूर आणि धुके यांची चादर बसली. सुमारे चार हजार बळींचा अंदाज तेव्हा वर्तवला गेला. नंतरच्या संशोधनाने तो बारा हजारांपर्यंत नेला. त्यानंतर चार वर्षांनी, १९५६ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने स्वच्छ हवेचा कायदा केला आणि घरातल्या चुलींनाही त्याच्या कक्षेत आणले. ‘फ्युमिफ्युजियम’ प्रसिद्ध झाल्याला तेव्हा २९५ वर्षे झाली होती. धूर माणसाला मारतो हे या मधल्या काळात कोणालाच ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय ईव्हलिनने ठेवलेली नाही.