डेम्लो संख्यांचे जनक : कै. द. रा. कापरेकर

आंबिवलीहून मुंबईस जाणाऱ्या आमच्या ज्ञातिबांधवांस डोंबिवली स्थानक नित्य परिचयाचे आहे. त्या गावाच्या नावाने एक संख्याकुल जगाच्या गणितग्रंथांत नोंदले गेले आहे, हे मात्र थोड्यांसच ठाऊक असेल. ज्ञातीच्या नात्याने नव्हे, तर आपल्या लोहमार्गाच्या व जुन्या ठाणे जिल्ह्याच्या नात्याने त्या संख्यांच्या जनकाचे अल्पचरित्र आम्ही सादर करीत आहोत.

कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. (२०१४ पासून डहाणू पालघर जिल्ह्यात मोडते.) आठव्या वर्षी मातृछत्र हरपले, ज्योतिषाचा नाद असलेल्या कारकून पित्याने त्यांना वाढविले. माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. १९२७ मध्ये त्यांस रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले व १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीस शाळेत शिक्षक होते.

मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील डोंबिवली, जिचे तेव्हाचे रूप 'डेम्लो', तेथील स्थानकात त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्या डेम्लो संख्या. नऊ वेळा एक लिहून झालेल्या १११११११११ या संख्येस तिनेच गुणावे. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१ येते. मधला ९ सोडून डावीकडील आठ अंकांची संख्या उजवीकडील आठ अंकांच्या संख्येत मिळविली की ९९९९९९९९ होतात. दोन्ही टोकांची बेरीज व मध्यभाग यांत एकच अंक यावा, हे डेम्लो संख्येचे लक्षण होय. बालकांनी १६५ पासून आरंभ करावा : १ आणि ५ मिळून ६. वरील महासंख्येच्या सतरा अंकांची बेरीज ८१ असून ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांस कापरेकरांनी 'हर्षद' हे गोड नाव दिले. मात्र दहा वेळा एक घेऊन तोच गुणाकार केला की हातचे आडवे येतात. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येते आणि चढत्या रांगेतील ८ गळतो.

हे सारे दशमान लेखनावर अवलंबून आहे, हा विद्वानांचा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण तेवढ्यावरून त्यांची उपेक्षा व्हावी हे न्याय्य नव्हते. कित्येक पुस्तिका त्यांनी पदरमोड करून छापल्या. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची किमया मांडली : सारखेच नसलेले कोणतेही चार अंक घेऊन उतरत्या मांडणीतून चढती वजा करीत गेल्यास फार तर सात खेपांत ६१७४ येते. १९६६ मध्ये पत्नी निवर्तली. निवृत्तिवेतन पुरेना, तेव्हा काटकसरीने राहणाऱ्या या गृहस्थास खाजगी शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. त्या वेळी त्यांचे वय ७० होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.