अठ्ठाविशीतला श्रीगणेशा : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

डॉ. कोटणीस हे नाव आपल्या पांढुर्णा-सौसरच्या मराठी घरांना नवे नाही. व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा चित्रपट आजोबांच्या पिढीला ठाऊक होता. पण आम्हाला त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. हा सोलापूरचा डॉक्टर वयाच्या अठ्ठाविशीत पुन्हा धुळाक्षरे गिरवायला बसला, आणि तीही चिनी.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. तिथे जखमींना डॉक्टर मिळेनात. काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात कोटणीस होते आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. सप्टेंबरात बोट मुंबईहून निघाली. थोड्याच महिन्यांत वडील वारल्याची बातमी चीनमध्ये पोचली. कोटणीस परत आले नाहीत.

तिथे पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दीहुआ’. आता हे नाव लिहायचे कसे ते पाहा. पहिल्या ‘के’ या एका अक्षरात नऊ रेघा, ‘दी’मध्ये बारा. ‘के’च्या डाव्या अंगाला झाडाची खूण असते. आधी आडवी रेघ, मग उभी, मग डावीकडे उतरती, मग उजवीकडे उतरती. हा क्रम ठरलेला असतो. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि आडवी-उभी छेदत असतील तर आडवी आधी. चौकट असेल तर आतला भाग भरून झाल्यावर तळाची रेघ शेवटी. माणसे घरात आली की दार लावायचे, तसे.

आपल्याकडेही क्रम असतोच. बाळबोधीत अक्षर आधी, शिरोरेघ नंतर. मोडीत उलटे. कागदभर रेघ आधी ओढायची आणि अक्षरे तिला टांगायची. आमच्या घरच्या जुन्या पेटीतले मोडी कागद आम्हाला वाचता येत नाहीत, हेही इथेच सांगून टाकतो.

क्रमाचा एवढा आग्रह कशाला, असे वाटेल. घाईत लिहिताना रेघा एकमेकींत मिसळतात. कोणती कोणत्या मागून येते हे हाताला ठाऊक नसेल, तर दुसऱ्याचे घाईचे अक्षर डोळ्यांना उलगडत नाही. आणि लढाईच्या दवाखान्यात जखमीबरोबर येणारी चिठ्ठी कोण सावकाश लिहिणार? शब्दकोशात अक्षर शोधायचे तरी रेघा मोजाव्या लागतात.

१९३९ च्या सुरुवातीला पथक येनानला पोचले. पुढे बाकीचे एकेक करून मायदेशी परतले, कोटणीस राहिले. दुभाष्यावाचून काम भागेल इतकी भाषा त्यांनी कमावली. कॅनडाचे डॉ. बेथ्यून १९३९ मध्ये गेले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ च्या आरंभी कोटणीसांकडे आले. ते तिथल्या विद्यार्थ्यांना चिनीतून शस्त्रक्रिया शिकवू लागले. दिवसा रोगी, शिकवणे, कधी रात्रभर शस्त्रक्रिया, आणि त्यातच ही अक्षरे. आमची मुले हिंदी शाळेत जातात. ‘शाळा’ लिहिताना ‘ळ’पाशी त्यांचे पेन अडते आणि ‘शाला’ होते, तेव्हा आम्हाला वेळ नसल्याची सबब आठवते. या माणसाकडे खरेच वेळ नव्हता.

१९४१ च्या अखेरीस त्यांनी परिचारिकांना शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव ‘इनहुआ’. ‘इन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. बापाच्या नावातले शेवटचे अक्षर मुलाच्या नावातही शेवटी आले.

त्या दिवसांत फेफऱ्याचे झटके वाढले होते. तरी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेची पुस्तके चिनीत लिहिणे चालूच होते. ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या ३२ व्या वर्षी, ते गेले. मूल तेव्हा साडेतीन महिन्यांचे होते. एक पुस्तक लिहून झाले होते, दुसरे अर्ध्यावर राहिले.