कॅप्टन फोर्सिथ आणि त्याची रायफल

जबलपूरचे नाव शस्त्रांशी जोडले गेले ते १९०४ साली स्थापन झालेल्या गन कॅरिज फॅक्टरीमुळे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु त्यापूर्वी चाळीस वर्षे मध्य प्रांताच्या रानावनांत वावरलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने रायफलीच्या नळीविषयी मूलगामी विचार मांडला होता. तो म्हणजे कॅप्टन जेम्स फोर्सिथ.

त्याचा जन्म १८३८ चा. एम. ए. होऊन तो हिंदुस्थानात आला. बंगाल स्टाफ कोअरमधील हा अधिकारी वनखात्यात हंगामी वनसंरक्षकाच्या पदापर्यंत चढला. १८६२ साली जबलपूरहून निघून तो पचमढीच्या पठारावर पोहोचला व तेथे त्याने ‘बायसन लॉज’ बांधला. अवघ्या चार वर्षांपूर्वी, १८५८ मध्ये, आपले तात्या टोपे नर्मदा ओलांडून याच सातपुड्यात उतरले होते! पुढे अमरकंटक, छत्तीसगढ असा प्रवास करून फोर्सिथ निमाडचा डेप्युटी कमिशनर झाला.

त्या काळची शिकारी रायफल ठासणीची असे. नळीतील आट्यांना पीळ फार असल्याने दारू वाढविताच शिशाचा मऊ गोळा आटे सोडून घसरे व नेम चुके. दारू कमी ठेवावी, तर गोळा वाटेतच खाली झुके. अंतराचा अंदाज जरा चुकला की जखमी वाघ अंगावर आलाच. पुन्हा ठासावयास अवधी कोठला? फोर्सिथने पीळच मंद केला, इतका की नळीच्या लांबीत अर्धा फेराही पुरा होऊ नये. आटे उथळ ठेवले आणि दारू भरपूर घातली. पौंडात १४ भरतील असा, सुमारे ३२ ग्रॅमचा गोल गोळा त्याला पसंत होता. त्याच्या ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १८६७ मध्ये निघाली. मात्र लवकरच मागून भरावयाच्या रायफली आल्या आणि ही सारी विद्या जुनी ठरली.

टिकला तो त्याचा दुसरा ग्रंथ, ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’. गोंड-कोरकूंविषयी लिहिताना राज्यकर्त्याची अहंता त्यात डोकावते. पण साल-सागाच्या अरण्यांचे इतके बारकाईचे वर्णन त्या काळी विरळाच. ग्रंथ छापखान्यात असतानाच, १ मे १८७१ रोजी, लंडनमध्ये फोर्सिथचे निधन झाले. छापील प्रत त्याला पाहावयास मिळाली नाही. पचमढीचा ‘बायसन लॉज’ उभा आहे. तेथे वनखात्याचे संग्रहालय आहे.