रुय लोपेझ : पहिल्या चालीला कारण विचारणारे धर्मगुरू

बुद्धिबळ खेळणाऱ्या कोणत्याही मुलाला त्याची आवडती सुरुवात विचारली, तर पहिल्या दोन-तीन नावांतच ‘रुय लोपेझ’ हे नाव त्याच्या ओठांवर येते. युरोपात हीच सुरुवात ‘स्पॅनिश’ म्हणून ओळखली जाते. परंतु रुय लोपेझ ही हाडामांसाची व्यक्ती होती आणि ती व्यक्ती सोळाव्या शतकातील एक कॅथलिक धर्मगुरू होती, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. या धर्मगुरूंचा परिचय आम्ही आमच्या वाचकांना, विशेषतः पटावर बसणाऱ्या मुलांना व त्यांच्या पालकांना, येथे करून देत आहोत. डावाच्या पहिल्या दहा चालींत नवशिक्यांची जी त्रेधातिरपीट उडते, तिच्यावरचा त्यांचा उपाय साडेचारशे वर्षांनंतरही जुना झालेला नाही.

झाफ्राचे धर्मगुरू

रुय लोपेझ दे सेगुरा यांचा जन्म १५३० च्या सुमारास स्पेनच्या एस्त्रेमादुरा प्रांतातील झाफ्रा या गावी झाला. पोर्तुगालच्या सीमेपासून हा प्रांत दूर नाही. तेथेच त्यांनी धर्मगुरू म्हणून सेवा केली. त्यांच्या खाजगी जीवनाविषयीच्या नोंदी तुटपुंज्या आहेत. मात्र त्यांच्या खेळाची कीर्ती झाफ्राची वेस ओलांडून राजदरबारापर्यंत पोहोचली होती.

धर्मगुरूंनी बुद्धिबळ खेळावे की नाही, हा ख्रिस्तसभेत जुना वाद होता. फ्लॉरेन्सचे बिशप हा खेळ खेळतात, म्हणून अकराव्या शतकात कार्डिनल संत पीटर डेमियन यांनी त्यांची कानउघाडणी केली होती. पाचशे वर्षांनी स्पेनमधील हवा पुष्कळच बदलली होती. रुय लोपेझ यांच्या समकालीन असलेल्या आविलाच्या संत तेरेजा यांनी आपल्या मठवासिनींसाठी ‘परिपूर्णतेचा मार्ग’ हा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यात बुद्धिबळाचाच दृष्टान्त घेतला होता. दिव्य राजाला जिंकून घेणारा वजीर म्हणजे नम्रता, हा त्याचा आशय. पुढे १९४४ साली स्पेनमध्ये बुद्धिबळपटूंच्या आश्रयदात्या संत म्हणून त्यांचीच निवड झाली.

नवे नियम, नवी अडचण

डावाची सुरुवात एवढी अवघड का झाली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. भारतातून इराणमार्गे अरबांकडे आणि अरबांकडून स्पेनमध्ये गेलेल्या जुन्या खेळात वजीर तिरपा एकच घर चालत असे. आपण ज्याला उंट म्हणतो, त्या मोहऱ्याची झेपही केवळ दोन घरांची होती. स्पॅनिश भाषेत या मोहऱ्याला ‘अल्फील’ म्हणतात. हा शब्द अरबी भाषेतील हत्तीवरून आला आहे. इंग्रजांनी त्याच मोहऱ्याला बिशप केले. त्या जुन्या खेळात दोन्ही पक्ष दहा-पंधरा चाली निवांतपणे मोहरी मांडीत आणि मग लढाईला तोंड फुटे.

१४७५ च्या सुमारास स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे वजीर व उंट यांना आजची लांब पल्ल्याची चाल मिळाली. खेळ एकाएकी धारदार झाला. एक चूक, आणि चार-पाच चालींत राजा धोक्यात! पहिल्या चालींचा अभ्यास ही त्यामुळे चैन राहिली नाही, गरज झाली. १४९७ साली सालामांका येथे लुसेना यांचा ग्रंथ निघाला आणि १५१२ साली रोममध्ये पेद्रो दामियानो या पोर्तुगीज औषधविक्रेत्याचा. दामियानोंचे पुस्तक तर इतके खपले की त्याच्या पुन्हा पुन्हा आवृत्त्या निघाल्या आणि त्यातील शब्द प्रमाण मानला जाऊ लागला.

रोममधील भेट

१५६० साली, पोप चौथे पायस यांच्या कारकिर्दीच्या आरंभी, ख्रिस्तसभेच्या कामानिमित्त रुय लोपेझ रोमला गेले. तेथे त्यांनी इटलीतील नामवंत खेळाडूंना हरवले. पराभूतांत कालाब्रियातील कुत्रो गावचा लिओनार्दो नावाचा तरुण होता. त्याची लहान चण पाहून लोक त्याला ‘पुत्तीनो’, म्हणजे बाळ, म्हणत. या बाळाची गाठ पुढे पुन्हा पडणार होती.

याच मुक्कामात दामियानोंचे पुस्तक रुय लोपेझ यांच्या हाती आले. त्यांनी ते वाचले, आणि ते त्यांना पटले नाही. स्पेनला परतताच त्यांनी स्वतःचा ग्रंथ लिहून १५६१ साली आल्काला येथे प्रसिद्ध केला. बुद्धिबळाचा उगम, त्याचे नियम, त्याची उपयुक्तता आणि डावांच्या सुरुवाती असे विषय त्यात आहेत. पण ग्रंथाचा प्राण आहे तो दामियानोंच्या एकेका चालीची केलेली कठोर तपासणी. ग्रंथ राजपुत्र दॉन कार्लोस यांचे पालक-शिक्षक दॉन गार्सिया दे तोलेदो यांना अर्पण केलेला आहे.

एक प्यादे, तीन उत्तरे

वादाचा विषय साधा होता. पांढरा राजापुढील प्यादे दोन घरे सरकवतो. काळाही तेच करतो. पांढरा राजाकडील घोडा बाहेर काढून काळ्याच्या प्याद्यावर नेम धरतो. आता काळ्याने ते प्यादे कसे राखावे?

नवशिक्याला सुचणारे पहिले उत्तर म्हणजे राजाकडील उंटापुढचे प्यादे एक घर सरकवून आधार देणे. हे उत्तर घातक आहे. पांढरा घोड्याने प्यादे मारतो. काळ्याने तो घोडा मारला, की पांढरा वजीर बाजूने बाहेर पडून शह देतो. मग काळ्याला हत्ती तरी गमवावा लागतो, नाही तर राजाला पटाच्या मध्यावर वणवण करावी लागते. दामियानोंनी ही चाल स्पष्टपणे वाईट ठरवली होती. दैवदुर्विलास असा, की जगात ती आज ‘दामियानो बचाव’ याच नावाने ओळखली जाते.

दामियानोंचे पसंतीचे उत्तर होते वजिराकडील घोडा बाहेर काढणे. येथे रुय लोपेझ यांनी हरकत घेतली. पांढऱ्याने राजाकडील उंट थेट त्या घोड्यावर रोखला तर? घोडाच गेला, की प्याद्याचा राखणदार गेला. म्हणून त्यांनी तिसरे उत्तर सुचवले : वजिरापुढील प्यादे एक घर सरकवून आधार द्यावा. उंटाची ही चाल त्यांनी शोधलेली नव्हती. १४९० च्या सुमाराच्या एका हस्तलिखितात ती आढळते. पण ती चाल कशासाठी करायची, याचे कारण त्यांनी मांडले आणि म्हणून चालीला त्यांचे नाव लाभले.

काळाने या वादाचा निकाल मात्र वेगळाच लावला. उंटाची चाल चांगली, हे रुय लोपेझ यांचे म्हणणे खरे ठरले. पण त्यामुळे घोड्याचे उत्तर वाईट ठरते, हे काही खरे ठरले नाही. काळ्याने कडेचे प्यादे एक घर सरकवून उंटाला डिवचले, पांढऱ्याने उंटाने घोडा मारला, काळ्याने वजिरापुढील प्याद्याने उंट मारला आणि मग पांढऱ्या घोड्याने ते वादाचे प्यादे टिपले, असे समजा. काळ्याचा वजीर आता मोकळ्या झालेल्या वाटेने मध्यावर येतो आणि पांढरा घोडा व राजापुढील पांढरे प्यादे यांवर एकाच वेळी नेम धरतो. गेलेले प्यादे परत मिळते. रुय लोपेझ यांनी सुचवलेल्या तिसऱ्या उत्तरात उलट काळ्याचा स्वतःचाच उंट कोंडला जातो. तेही खेळले जाते, पण ते आज अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू फिलिदोर यांच्या नावाने ओळखले जाते.

पांढऱ्यानेही गाफील राहून चालत नाही. मागे हटलेल्या उंटाला काळ्याची तीन प्यादी एकामागून एक पुढे येऊन कोंडून टाकतात. या सापळ्याला खेळाडू ‘नोहाचे तारू’ म्हणतात. सापळा नोहाइतका पुरातन, म्हणून हे नाव, असे गमतीने सांगितले जाते.

आणखी दोन देणग्या या ग्रंथाच्या नावावर आहेत. सुरुवातीलाच एखादे प्यादे देऊन वेग मिळवणे याला ‘गँबिट’ म्हणतात. कुस्तीत टांग मारून पाडणे या अर्थाच्या इटालियन शब्दावरून रुय लोपेझ यांनी ही संज्ञा रूढ केली. दुसरी देणगी मात्र आम्ही कोणाला सुचवणार नाही : प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांवर ऊन येईल अशा बेताने पट मांडावा, असाही सल्ला त्यांनी दिला होता!

राजासमोरील पराभव

१५७२ साली, पोप तेरावे ग्रेगरी यांची निवड झाली त्या वर्षी, रुय लोपेझ पुन्हा रोमला जाऊन आले. त्यानंतर १५७५ च्या सुमारास राजे दुसरे फिलीप यांच्या माद्रिद येथील दरबारात इटली आणि स्पेन यांचे श्रेष्ठ खेळाडू समोरासमोर आले. देशोदेशींच्या खेळाडूंची ही पहिली मोठी स्पर्धा मानली जाते. रोममध्ये हरलेला लिओनार्दो आता तिशी ओलांडलेला, अनुभवाने पिकलेला खेळाडू झाला होता. नेपल्सचे अलेस्सांद्रो साल्व्हिओ यांनी १६३४ साली लिहिलेल्या वृत्तान्तानुसार त्याने पहिले दोन डाव गमावले आणि पुढचे तिन्ही जिंकले. सिराक्यूजचा पावलो बोई यानेही तेथे नाव कमावले. ज्यांनी दुसऱ्याचे पुस्तक तपासले, त्यांचाच खेळ आता पुढच्या पिढीने तपासला होता.

१५८० च्या सुमारास रुय लोपेझ यांचे निधन झाले. त्यांच्या ग्रंथाचे इटालियन भाषांतर १५८४ साली व्हेनिस येथे प्रसिद्ध झाले. ज्यांना ते हरले, त्याच इटालियनांनी त्यांचे पुस्तक आपल्या भाषेत नेले, ही गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

आजच्या खेळाडूंसाठी

त्यांची सुरुवात अद्याप जिवंत आहे. २००० साली लंडन येथे व्लादिमीर क्रॅमनिक यांनी याच सुरुवातीतील ‘बर्लिन बचाव’ वापरून गॅरी कास्पारोव्ह यांचे जगज्जेतेपद हिरावून घेतले. २०१३ साली चेन्नई येथे विश्वनाथन आनंद यांनी सहाव्या डावात पांढऱ्या मोहऱ्यांनी रुय लोपेझचीच वाट धरली. मॅग्नस कार्लसन यांनी बर्लिन बचावाने उत्तर दिले आणि डाव जिंकला. दामियानोंचा घोडा अजून आपल्या जागी भक्कम उभा आहे, तो असा.

आमच्या मुलांपुढे आज संगणक आहे. वीस-वीस चाली तो क्षणात दाखवतो आणि मुले त्या घोकतात. पण प्रतिस्पर्ध्याने चौथ्याच चालीला पुस्तकाबाहेरचे काही केले, की पाठांतर संपते आणि गोंधळ सुरू होतो. अशा वेळी झाफ्राच्या धर्मगुरूंची सवय कामी येते. माझी ही चाल कशासाठी? समोरच्याची चाल कशासाठी? मध्यावर कोणाचा ताबा आहे? घोडे व उंट बाहेर पडले का? राजा किल्लेकोटात सुरक्षित झाला का? की आपण वजिरालाच घाईने बाहेर काढून त्याच्यामागे धावत आहोत? डाव हरल्यावर पहिल्या दहा चालींपुढे एकेक कारण लिहून पाहावे. जिथे कारण सुचत नाही, तिथेच आपली चूक दडलेली असते.

आणि सुचलेले कारणही चुकीचे असू शकते, हे ध्यानात ठेवावे. रुय लोपेझ यांनी प्रमाण मानलेल्या ग्रंथाला निर्भयपणे प्रश्न विचारला, त्यात ते काही अंशी चुकले, आणि तरीही त्या प्रश्नामुळे सारा खेळ पुढे गेला. डाव हरून उठताना समोरच्याशी हस्तांदोलन करून त्यालाच त्या चालीचे कारण विचारावे; पुढच्या डावाची सुरुवात तेथूनच होते.