नगरपालिकेतील जोतीराव

म्हैसूरचा मराठी माणूस पुण्यास गेला की एकदा तरी मंडईत डोकावून येतोच. देवराज मार्केटच्या सवयीच्या डोळ्यांना तेथील गजबज आणि मधल्या मनोऱ्याची ती दगडी इमारत परकी वाटत नाही. त्या इमारतीस महात्मा फुले यांचे नाव आहे. परंतु ती बांधण्यास खुद्द जोतीरावांचाच विरोध होता, ही गोष्ट तेथे रोज भाजी घेणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल. स्त्रीशिक्षणाचे प्रवर्तक आणि सत्यशोधक समाजाचे संस्थापक म्हणून जोतीराव सर्वांच्या परिचयाचे आहेत. ते व्यावसायिक होते आणि पुण्याच्या नगरपालिकेचे सभासदही होते, याचा उल्लेख मात्र चरित्रकार बहुधा ओझरताच करतात. प्रस्तुत लेखात त्याच बाजूकडे पाहावयाचे आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या दरबारी फुले पुरविण्याचा व्यवसाय हाती आला आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. म्हणजे व्यापार हा या घरात आडनावातच शिरला होता. आई लहानपणीच वारली. मध्यंतरी सुटलेली शाळा १८४१ मध्ये पुन्हा सुरू झाली व स्कॉटिश मिशनच्या शाळेतील इंग्रजी शिक्षण १८४७ मध्ये पुरे झाले. पुढच्याच वर्षी भिडे वाड्यातील मुलींची शाळा निघाली. त्यापायी वडिलांचे घर सोडावे लागले आणि सावित्रीबाईंसह स्वतंत्र संसार मांडावा लागला.

संसार आणि समाजकार्य दोन्ही चालवावयाचे तर उत्पन्न हवे. वर्गणीवर जगणाऱ्या सुधारकाला वर्गणीदारांचे मन सांभाळून बोलावे लागते. जोतीरावांच्या स्वभावात ते बसणारे नव्हते. १८६३ च्या सुमारास त्यांनी धातूच्या ओतकामास लागणाऱ्या साहित्याची विक्री सुरू केली. पुढे सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतली. कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण यांसारख्या कामांशी त्यांचा या नात्याने संबंध आला. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते भागीदार होते. मांजरी येथे त्यांनी शेतीही केली. दगड, चुना, मजुरी यांचे हिशेब रोज पाहणाऱ्या माणसाला सरकारी तिजोरीतील रुपया कोणाच्या घामातून येतो आणि वाटेत कोणाकोणाच्या हातांना चिकटतो, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. बांधकाम खात्यातील लाचखोरीवर त्यांनी जे कडक लिहिले, ते या अनुभवाच्या बळावर.

आणखी एक गोष्ट आपणा कर्नाटकवासी मराठी जनांस विशेष वाटेल. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाला मोठा आधार मिळाला तो मुंबईतील तेलुगुभाषक कंत्राटदारांचा. व्यंकू बाळाजी काळेवार, रामय्या व्यंकय्या अय्यावारू ही त्यांपैकी काही नावे. व्यवसायाने जुळलेल्या माणसांना भाषेची अडचण झाली नाही.

१८७६ साली सरकारने जोतीरावांस पुणे नगरपालिकेचे सभासद नेमले. तेव्हा लोकनियुक्त सभासदांचा काळ अजून यावयाचा होता. नेमणूक सरकारच्या मर्जीची होती. आपल्या संस्थानात दिवाण रंगाचार्लू यांनी प्रजाप्रतिनिधी सभा भरविली ती १८८१ मध्ये, आणि तिलाही आरंभी गाऱ्हाणी मांडण्यापलीकडे अधिकार नव्हता. अशा काळात नेमलेल्या सभासदाने मान डोलवावी, हीच अपेक्षा असे. जोतीरावांनी ती सहासात वर्षांत अनेकदा मोडली. दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा १८८० साली त्यांनी नगरपालिकेच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून त्यांना आळा घालण्याची मागणी केली. आरोग्यावर नगरपालिकेने पैसा खर्चावा आणि त्याच शहरात गुत्ते वाढू द्यावेत, यातील विसंगती उघड होती. वास्तविक दारूवरील महसूल हा सरकारचा आवडता महसूल. नेमणूक करणाऱ्याच्याच खिशावर बोट ठेवण्यासारखे हे होते.

त्याच सुमारास गव्हर्नर जनरलांच्या पुणेभेटीचा प्रसंग आला. स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव नगरपालिकेपुढे आला. करदात्यांचा पैसा कमानी-पताकांपेक्षा शिक्षणावर खर्च व्हावा, असे जोतीरावांचे म्हणणे पडले. सभासद बत्तीस, विरोधी मत एकट्या जोतीरावांचे. ठराव अर्थातच संमत झाला. ज्याचा धंदा सरकारी कंत्राटांवर चालतो त्याने सरकारच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या सन्मानाला विरोध करणे, यातील जोखीम व्यापारी वाचकांस तरी निराळी सांगावयास नको.

हाच विचार त्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडला: सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग शेतकरी भरतो, तेव्हा त्याच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर आधी खर्च व्हावा. मंडईस विरोध केला तोही याच कारणाने. शनिवारवाड्यासमोर भरणाऱ्या बाजारासाठी मोठी इमारत उभारण्याचे घाटले, तेव्हा हा पैसा शिक्षणाकडे वळवा, असे त्यांचे सांगणे होते. ते कोणी ऐकले नाही. बाजार उघड्यावर भरण्याचे हाल लक्षात घेता, या एका बाबतीत नगरपालिकेची बाजूही अगदीच लंगडी नव्हती, असे प्रस्तुत लेखकास वाटते. १८८६ मध्ये इमारत पुरी झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले.

१८८८ मध्ये मुंबईच्या सभेत जोतीरावांस महात्मा ही पदवी अर्पण झाली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवे अंग लुळे पडले. तरी डाव्या हाताने त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म हे पुस्तक पुरे केले. मिळविलेला पैसा शाळांत, बालहत्या प्रतिबंधक गृहात आणि दुष्काळातील मुलांच्या अन्नात गेला होता. आजारपणात ओढाताण इतकी झाली की १८९० साली मामा परमानंदांना त्यांच्या मदतीसाठी सयाजीराव गायकवाड महाराजांकडे पत्र पाठवावे लागले. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतीराव निवर्तले.

पुढे सुमारे अर्धशतकाने आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत निवडून आले. त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई असे झाले.